मुक्कामाची खोली आणि गालिच्यावरचा डाग

उज्जयिनी ही यात्रेकरूंची, आणि म्हणूनच मुक्कामाची नगरी आहे. महाकालेश्वराच्या दर्शनास येणारा भाविक पूर्वी क्षिप्रेकाठच्या धर्मशाळेत, उपाध्यायांच्या वाड्यात किंवा आप्तांच्या ओसरीवर उतरत असे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्या काळापासून येथील मराठी घरांनीही या पाहुण्यांची उठबस केलेली आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ संकुलाचे लोकार्पण झाले आणि गर्दी बारमाही झाली. मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतून लॉज, यात्री निवास आणि घरगुती मुक्कामाच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतील ज्या खोल्यांना जरा वरचे भाडे लावायचे, त्यांत बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेला असतो.

या गालिच्याविषयी मला वारंवार एक प्रश्न विचारला जातो. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात, जहाजावरील सहलीस जाऊन आलेली आपली मंडळी विचारतात, आणि स्वतःच्या घराचा वरचा मजला यात्रेकरूंना देऊ पाहणारे गृहस्थही विचारतात. “डॉक्टरसाहेब, खोलीतल्या गालिच्यावर डाग होते. त्यातून काही रोग तर होणार नाही ना?” प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. प्रस्तुत लेखात ते थोडे विस्ताराने मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

आरंभीच सांगावयाचे ते असे की डाग आणि रोगजंतू ही दोन वेगळी खाती आहेत. डाग डोळ्यांना दिसतो आणि मनाला किळस आणतो. रोगजंतू दिसत नाहीत आणि म्हणूनच आपण निर्धास्त राहतो. डागाळलेला गालिचा प्रत्येक वेळी घातक नसतो, तसा स्वच्छ दिसणारा गालिचा प्रत्येक वेळी निर्धोक नसतो. ही दोन खाती वेगळी ठेवली की पाहुण्याने काय करावे आणि यजमानाने काय करावे, हे आपोआप स्पष्ट होते.

डागांची ओळख

आपल्या गावातील मुक्कामाच्या खोलीत जे डाग आढळतात, त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. हळद, कुंकू, गुलाल, भस्म, दिव्याचे तेल, प्रसादाचे तूप, चहा, पान आणि पायांबरोबर आलेला घाटावरचा चिखल हे त्यांतील मुख्य होत. यांतून रोग होत नाही. परंतु चुकीच्या उपचाराने ते कायमचे मात्र होतात.

हळदीचे उदाहरण घ्या. हळदीच्या पिवळ्या डागावर घाईने साबण लावला की तो लालसर तपकिरी होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य क्षाराच्या संपर्कात रंग बदलते. हळदीला चुन्याची जोड देऊन पारंपरिक कुंकू तयार होते, त्यामागेही हाच गुणधर्म आहे. घाबरण्याचे कारण नाही. डाग साध्या पाण्याने व थोड्या व्हिनेगरने टिपून घ्यावा. गालिचा किंवा सतरंजी सुटी असेल तर उन्हात टाकावी. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, त्यामुळे डाग फिका पडत जातो.

कुंकू, गुलाल आणि भस्म कोरडे असताना त्यांवर पाणी ओतणे ही सर्वांत मोठी चूक. आधी झटकून किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावे, मग उरलेल्या डागाकडे वळावे. चहा आणि पान यांतील टॅनिनवर व्हिनेगर किंवा लिंबाचे सौम्य आम्ल उपयोगी पडते. तेल-तुपावर प्रथम बेसन किंवा टाल्कम पावडर भुरभुरून शोषून घ्यावे आणि नंतर साबणाचे पाणी वापरावे. रक्ताच्या डागावर गरम पाणी कदापि घालू नये, कारण उष्णतेने प्रथिन गोठते आणि धाग्यात पक्के बसते. थंड पाणीच घ्यावे. आपल्या दवाखान्यांतून सांडणाऱ्या पोव्हिडोन आयोडीनच्या डागावर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून लावली तर तो पाहता पाहता नाहीसा होतो. आयोडीनचे रूपांतर रंगहीन आयोडाइडमध्ये होते, एवढेच त्यातले रहस्य.

सर्व डागांना लागू पडणारा नियम एकच. घासू नये, टिपावे, आणि कडेकडून मध्याकडे टिपत जावे. घासल्याने डाग पसरतो आणि धाग्यांचा पीळ सुटतो. कोणतेही द्रव्य आधी पलंगाखालच्या कोपऱ्यात लावून पाहावे. लोकरीच्या गालिच्याला ब्लीच लावू नये, त्याने लोकर अक्षरशः विरते.

पुष्कळांचा अनुभव असा की डाग काढला, गालिचा वाळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी तपकिरी वलय उमटले. लोक म्हणतात, सफाईवाल्याने काम नीट केले नाही. वस्तुतः सांडलेला द्रव खालच्या थरापर्यंत गेलेला असतो आणि वरचा भाग वाळू लागला की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा तो धाग्यांतून वर चढतो. यावर उपाय म्हणजे पाणी बेताने वापरणे आणि ओल्या जागेवर जाड पांढरे फडके ठेवून वर वजन ठेवणे. साबण मागे राहिला तर त्याला धूळ चिकटते आणि धुतलेला भाग न धुतलेल्यापेक्षा लवकर मळतो, हेही ध्यानात ठेवावे.

न दिसणारे खाते

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. १९९६ साली इंग्लंडच्या वायव्य भागातील एका मोठ्या हॉटेलात उलट्या-जुलाबांची साथ जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत रेंगाळली. पाहुणे बदलत होते, पण साथ संपत नव्हती. कारण होते आज नोरोव्हायरस या नावाने ओळखला जाणारा विषाणू. संशोधकांनी हॉटेलातील निरनिराळ्या पृष्ठभागांचे १४४ नमुने तपासले. त्यांपैकी ६१ नमुन्यांत विषाणूचे अंश सापडले. ज्या गालिच्यांवर उलटी झाल्याचे ठाऊक होते, त्यांचे ८ पैकी ५ नमुने दूषित निघाले. आणि ज्यांवर काहीही दिसत नव्हते, अशा गालिच्यांचे १२ पैकी ९!

त्याच सुमारास प्रसिद्ध झालेली दुसरी एक नोंद तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. एका रुग्णालयाच्या कक्षात अशीच साथ येऊन गेली होती. शेवटच्या रुग्णानंतर सुमारे बारा दिवसांनी तेथील गालिचा उचलण्यासाठी दोन कारागीर आले. गालिचा रोज व्हॅक्यूम केला जात होता. तरीही ते दोघे आजारी पडले. ते ना कोणा रुग्णाच्या जवळ गेले होते, ना तेथे काही जेवले होते. त्यांनी फक्त गालिचा उचलला होता.

नोरोव्हायरसचा हा चिवटपणा वैद्यकीय वाचकांस परिचित आहेच. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉर्वॉक या गावातील शाळेत झालेल्या साथीवरून त्याचे मूळ नाव पडले आणि १९७२ मध्ये आल्बर्ट कपिकियन यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. अगदी थोडे विषाणूकण आजारास पुरेसे होतात. लक्षणे बारा ते अठ्ठेचाळीस तासांत दिसतात. रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ शौचातून विषाणू जात राहतो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसा परिणाम करीत नाही. साबण आणि वाहते पाणी यांना येथे पर्याय नाही.

येथे प्रमाणबुद्धी सोडू नये. आपल्याकडे उलट्या-जुलाबांचे बहुसंख्य रुग्ण दूषित पाणी आणि उघड्यावरचे अन्न यांमुळेच येतात. गालिचा हा पहिला संशयित नव्हे. पण खोलीत कोणी आजारी पडून गेले असेल, तर तो दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हे.

पाण्यावरची धर्मशाळा

या विषयाचा सर्वाधिक काटेकोर विचार जहाजांवर झालेला आहे. सहलीचे मोठे जहाज म्हणजे एका अर्थाने पाण्यावरची धर्मशाळाच. तीन-चार हजार माणसे, सामाईक स्वयंपाकघरे, लहान खोल्या आणि बंद हवा. सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि त्याच दुपारी नवे चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक खोली आवरायची. लोखंडी तळांतून पावलांचा व यंत्रांचा आवाज घुमतो म्हणून खोल्यांत गालिचे अंथरावे लागतात. साहजिकच डाग पडलेल्या गालिच्याची तक्रार हे जहाजांवरचे नित्याचे प्रकरण आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने १९७० च्या दशकातच जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी योजना सुरू केली. शंभरपैकी ८६ गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण. जहाजावरील प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी तीन टक्के किंवा त्याहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब झाले, तर ती साथ म्हणून जाहीर केली जाते. गुण देताना पाणी, स्वयंपाकघर, भांडी, पोहण्याचा तलाव, हात धुण्याची सोय, आजारी माणसाला वेगळे ठेवण्याची पद्धत हे सारे पाहिले जाते. गालिच्यावरचा एखादा चहाचा डाग जहाजाला नापास करीत नाही, आणि नवाकोरा गालिचा त्याला उत्तीर्णही करीत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजाची कथा आपल्या स्मरणात असेल. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. १३८ भारतीय होते आणि त्यांतील बहुतेक प्रवासी नसून कर्मचारी होते. निर्जंतुकीकरण होण्यापूर्वी तपासलेल्या काही खोल्यांत, त्या रिकाम्या होऊन सतरा दिवस उलटल्यावरही, विषाणूचे जनुकीय अंश सापडले होते. अंश सापडणे म्हणजे जिवंत विषाणू सापडणे नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पण रिकामी खोली ही आपोआप स्वच्छ खोली नसते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्या उज्जयिनीतील लॉज गर्दीच्या दिवसांत जहाजाप्रमाणेच चालतो. सकाळी दहाला एक कुटुंब जाते आणि बाराला दुसरे येते. मधल्या दोन तासांत चादर बदलते, पण गालिचा तोच राहतो.

खोलीत उलटी झाली तर

हा प्रसंग कोणत्याही लॉजवर, मंगल कार्यालयात किंवा आपल्या प्रतीक्षाकक्षातही येऊ शकतो. क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. इतरांना, विशेषतः मुलांना, खोलीबाहेर काढून खिडक्या उघडाव्यात. पंखा व कूलर बंद ठेवावा.

२. सफाई करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी आणि शक्य तर प्लास्टिकचा ॲप्रन घालावा.

३. ओकारीवर जाड कागदी टिपणी किंवा जुनी फडकी टाकून ती अलगद उचलावी आणि दुहेरी पिशवीत बांधावी. व्हॅक्यूम क्लीनर मुळीच फिरवू नये, त्याने विषाणू हवेत उधळला जातो.

४. जमीन फरशीची असेल तर साबणाने धुऊन सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण दहा मिनिटे ओले राहू द्यावे. शिफारस १,००० ते ५,००० पीपीएम इतकी आहे. घरगुती चार टक्क्यांचे ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि सात भाग पाणी घेतल्यास सुमारे ५,००० पीपीएम मिळते. तीस टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर लिटरभर पाण्यात १७ ग्रॅम घेतली तरी तेवढेच. हे द्रावण संडास साफ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. जमिनीवर गालिचा असेल तर बहुतेक ठिकाणी क्लोरीन चालत नाही, रंग जातो. अशा वेळी साबणाच्या पाण्याने टिपून वाफेचे यंत्र वापरावे. गालिच्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसवर पाच मिनिटे किंवा १०० अंशांवर एक मिनिट राहिले पाहिजे. वाफ नुसती वरून फिरवून हे साधत नाही.

६. नळाची तोटी, दाराची मूठ, दिव्याची बटणे, टीव्हीचा रिमोट हे सारे द्रावणाने पुसावे. शेवटी साबणाने हात धुवावेत.

पाचव्या कलमातील अडचण वाचकांच्या लक्षात आलीच असेल. वाफेचे यंत्र किती लॉजमध्ये असते? म्हणूनच मला वाटते, ज्या जमिनीचे निर्जंतुकीकरण करता येत नाही, ती जमीन रोज माणसे बदलणाऱ्या खोलीत असू नये. अमेरिकेच्या त्याच रोगनियंत्रण संस्थेने २००३ साली रुग्णालयांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, वर्दळीच्या आणि सांडलवंड होणाऱ्या रुग्णविभागांत गालिचा टाळण्याची शिफारस केली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या प्रतीक्षाकक्षात शोभेसाठी गालिचा आहे, त्यांनीही याचा विचार करावा.

दमा, कूलर आणि ओल

गालिच्याचा रोजचा त्रास विषाणूंपेक्षा धुळीचा आणि ओलीचा अधिक. धुळीतील सूक्ष्म कीटक हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर गेली की फोफावतात. माळव्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा जोर कमी असावयास हवा. पण आपण खोल्यांत पाण्याचे कूलर लावतो आणि बंद खोलीत पावसाळा निर्माण करतो. गालिचा ती ओल धरून ठेवतो. एकदा भिजलेला गालिचा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळला नाही, तर बुरशी धरते. कूलरजवळचा किंवा वातानुकूलन यंत्राखालचा काळपट, कुबट वासाचा डाग हा म्हणूनच हळदीच्या डागासारखा निरुपद्रवी मानू नये. दमेकऱ्याने अशी खोली घेऊ नये. पलंगाच्या कडेला, गादीच्या शिवणीत बारीक काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे समजावेत आणि सामान खाली न ठेवता खोली बदलून मागावी.

पाहुण्याने काय करावे

खोलीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटे तपासणीची. वास घ्यावा, गादीची शिवण पाहावी, ओल हाताने चाचपावी. डाग कोरडा आणि बिनवासाचा असेल तर मन शांत ठेवावे. ओला, कुबट किंवा आंबूस वासाचा असेल तर व्यवस्थापकास नम्रपणे, परंतु स्पष्टपणे सांगावे. गालिच्यावर अनवाणी फिरू नये. रांगते मूल असेल तर स्वतःची धुतलेली सतरंजी अंथरावी. जमिनीवर पडलेले खाद्य उचलून खाऊ नये आणि मुलांना देऊ नये. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. आपल्यापैकी कोणी खोलीत आजारी पडले तर लाजेपोटी लपवू नये, सफाई करणाऱ्यास आधी कल्पना द्यावी. लपवलेल्या आजाराची किंमत तो मोजतो.

यजमानाने काय करावे

आपल्या जुन्या धर्मशाळांची पद्धत आठवून पाहा. खाली फरशी, वर सतरंजी आणि चादर. सतरंजी धुता येते, उन्हात टाकता येते, फाटली तर बदलता येते. आपल्याकडे सहज मिळणारी कोटा फरशी उन्हाळ्यात थंड राहते आणि ब्लीचिंगच्या पाण्याने रोज पुसता येते. तिच्यावर सुती सतरंजी आणि पलंगावर भैरवगडच्या छापाची चादर घातली की खोली देखणी होते आणि आपल्या गावाची ओळखही पाहुण्यास मिळते. गालिचा उचलण्याने खोलीचा दर्जा उतरत नाही, उलट यजमानाला ‘येथील जमीन रोज निर्जंतुक होते’ असे खात्रीने सांगता येते.

पुढील सिंहस्थ २०२८ साली चैत्र-वैशाखात येत आहे. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, जीवितहानी झाली. अशा पावसानंतर तंबूंतील भिजलेल्या जाजमांवरच लोकांना झोपावे लागते, हे विसरून चालणार नाही. जाजमे उचलून वाळवण्याची, आणि वाळत नसतील तर टाकून देण्याची व्यवस्था औषधांच्या साठ्याइतकीच आधी ठरली पाहिजे. आपल्या मंडळातील डॉक्टर तेव्हा आरोग्यशिबिरांतून सेवा देतीलच. मला वाटते, त्याआधीच आपण आपापल्या वस्तीतील दोन-चार लॉजमालकांशी आणि घरगुती खोल्या देणाऱ्यांशी तासभर बोलावे. वर दिलेली सहा कलमे हिंदीत आणि मराठीत छापून त्यांच्या भिंतीवर लावावीत. खर्च नगण्य आहे.

आणि एक विनंती विशेष. रुग्णालयातील गालिचा उचलणारे ते दोन कारागीर आजारी पडले, हे ध्यानात ठेवावे. मुक्कामाच्या खोलीतील रोगाशी पहिली गाठ पाहुण्याची नव्हे, ती सफाई करणाऱ्या बाईची किंवा मुलाची पडते. त्यांना हातमोजे आहेत का, साबण आहे का, उलट्या-जुलाब थांबल्यानंतर अठ्ठेचाळीस तास पगारी सुट्टी मिळते का, हे विचारण्याचा अधिकार आपल्या व्यवसायाने आपल्याला दिलेला आहे. रुग्ण म्हणून ते आपल्याकडे येण्याची वाट न पाहता तो आपण वापरावा.